टॉप सर्जरी करायचीय? काप कुठला ते कातडी ठरवते

मी इंदूरचा, रामबागेत राहतो, टॉप सर्जरी, म्हणजे ट्रान्स पुरुषांची छाती सपाट करायचं ऑपरेशन, होऊन दीड वर्ष झालं. पोरं विचारतात, दादा कीहोल करून घेऊ का, डाग दिसत नाही म्हणे. भावा, आधी बाइंडर (छाती दाबून सपाट ठेवणारा कपडा) काढून आरशासमोर उभा राहा, छातीची कातडी चिमटीत धर आणि सोड. झटकन जागेवर बसली आणि छाती अगदी लहान असेल तरच कीहोलचा विषय, त्यात निप्पलच्या कडेला छोटा काप देऊन आतली ग्रंथी काढतात, जादा कातडीला हात लावत नाहीत. थोडी सैल असेल तर पेरीअरिओलर, म्हणजे निप्पलभोवती दोन गोल काप, मधली कातडी काढायची आणि बटव्याची नाडी ओढावी तसं आवळून शिवायचं. चुण्या पडतात, बऱ्याचशा काही महिन्यांत बसतात.

छाती मोठी किंवा कातडी लोंबलेली असेल तर डबल इन्सिजन. छातीखाली दोन आडवे काप, आणि निप्पल काढून, लहान करून नव्या जागी लावतात, गुलाबाचं कलम लावतात तसंच. त्या जागेची संवेदना बहुतेक जाते, डाग राहतात, पण छाती सपाट होते. माझं हेच झालं.

गुटखा-सिगरेट निदान 4 आठवडे आधी बंद, निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात आणि कलम मरतं. टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, चालू असलंच पाहिजे असं नाही. सर्जनला विचार की काढलेली ग्रंथी तपासायला पाठवणार का, आणि बगलेकडे कातडीची घडी राहिली तर दुरुस्तीचा खर्च कोणाचा. हे आधी विचारायचं, टेबलावर झोपल्यावर नाही!

ड्रेन, म्हणजे आत साठणारं रक्त-पाणी बाहेर काढणाऱ्या नळ्या, लावले तर किती एमएल आलं ते दोन्ही बाजूंचं वेगवेगळं लिही. एक बाजू अचानक फुगली, ताठ झाली, दुखायला लागली तर आत रक्त साठलेलं असू शकतं, रात्रीचे दोन वाजले असले तरी फोन लाव. निप्पलची पट्टी साधारण आठवड्याने उघडतात, काळी खपली दिसली की पोटात गोळा येतो, पण बऱ्याचदा ती वरवरचीच असते, नखाने काढू नको, डॉक्टरला दाखव. कॉम्प्रेशन व्हेस्ट, म्हणजे छाती आवळून धरणारं बनियन, डॉक्टर सांगतील तितके आठवडे. स्कूटी नाही, रिक्षात बसलास तर छातीशी उशी धर, आपले स्पीडब्रेकर माहितीयेत ना. पाण्याचा ग्लास, चार्जर, पोह्यांचा डबा, सगळं आधीच कमरेच्या उंचीवर काढून ठेव आणि शर्ट पुढून बटणांचेच घे.

आमच्या आईने ड्रेनचे एमएल कालनिर्णयवर लिहिले होते, दुधाच्या हिशेबाच्या शेजारी, डावा-उजवा असं करून. दूधवाल्याशी महिनाअखेरीला त्यावरून घोळ झाला तो वेगळाच.