'बोर्ड गेला' म्हणण्याआधी: जुन्या डेस्कटॉपची तपासणी

डिसेंबर-जानेवारीत नाशकातला पारा दहाच्या खाली उतरला की जुन्या डेस्कटॉपची एक तक्रार ठरलेली. सकाळी बटण दाबलं की पंखा फिरतो, पण डिस्प्ले येत नाही. चार-पाच वेळा बंद-चालू केलं की मशीन उठतं आणि मग दिवसभर मुकाट चालतं. दुकानात नेईपर्यंत ऊन चढलेलं असतं, तिथे ते पहिल्या झटक्यात चालू होतं आणि 'काही झालेलं नाही' म्हणून घरी परत येतं. हे लक्षण बहुतेक वेळा मदरबोर्डवरच्या (पुढे नुसतं बोर्ड) कपॅसिटरचं, म्हणजे चार्ज साठवून सप्लाय स्थिर ठेवणाऱ्या छोट्या नळकांड्यांचं. पण कपॅसिटरवर येण्याआधी स्वस्तातले संशयित बाजूला काढा. सोल्डर तापवायची वेळ बरेचदा येतच नाही.

हात घालण्यापूर्वी वायर भिंतीतून काढा आणि पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेला करंट निघून जातो.

पहिला संशयित बोर्डावरचा नाण्यासारखा सेल. तारीख मागे जात असेल, चालू होताना 'सीमॉस चेकसम एरर' येत असेल किंवा ब्राउझर सगळ्याच साइटवर सुरक्षेची तक्रार करत असेल, तर सीआर २०३२ सेल मल्टिमीटरवर मोजा. नवा सेल ३ व्होल्टच्या किंचित वर दाखवतो, २.८ च्या खाली असेल तर बदला. काही जुने बोर्ड मेलेल्या सेलवर चालूच होत नाहीत. एक खोच इथे आहे: सेल बदलला की बायोसची (मशीन सुरू करणाऱ्या, बोर्डावरच्या प्रोग्रामची) सेटिंग मूळपदावर जातात. साटा मोड (हार्डडिस्कशी बोलण्याची पद्धत) आयडीईचा एएचसीआय झाला किंवा उलट झाला, तर विंडोज ७ निळी स्क्रीन दाखवून पुन्हा पुन्हा रिस्टार्ट होतं आणि लोक घाबरून फॉरमॅट मारतात. बायोसमध्ये तो मोड पूर्ववत केला की झालं.

मग रॅम. काढा, सोनेरी पट्टी पांढऱ्या खोडरबराने पुसा, चुरा ब्रशने झटका. सँडपेपर लावू नका, सोन्याचा थर जातो. स्लॉट मऊ ब्रशने साफ करा. पावसाळ्यात दमट हवेत धूळ तिथे घट्ट बसते, आणि ओट्याजवळच्या कॅबिनेटमध्ये मुंग्याही सापडतात. दोन स्टिक असतील तर एकेक करून, प्रत्येक स्लॉटमध्ये लावून बघा.

आता एक फुकटातली पण नेमकी परीक्षा. बोर्डाला छोटा बझर जोडा (बऱ्याच कॅबिनेटमध्ये तो नसतोच) आणि सगळी रॅम काढून मशीन चालू करा. बीप वाजले, तर प्रोसेसर, बायोस चिप आणि त्यांचा सप्लाय जिवंत आहेत. दोष रॅम, तिचा स्लॉट किंवा डिस्प्लेकडे शोधा. बीप नाही, तर पुढे चला.

एसएमपीएस (भिंतीतली वीज बोर्डाला लागणाऱ्या व्होल्टमध्ये बदलणारा डबा) तपासताना तो उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर चार्ज असतो आणि वायर काढल्यावरही काही वेळ राहतो. वायर पुन्हा लावा, २४ पिनांचा कनेक्टर बोर्डावरच ठेवा आणि मागच्या बाजूने मीटरची सुई घाला. मशीन बंद असताना जांभळ्या वायरवर ५ व्होल्ट हवेत. चालू केल्यावर पिवळीवर ११.४ ते १२.६, लालवर ४.७५ ते ५.२५, नारिंगीवर ३.१४ ते ३.४७. हिरवी-काळी जोडून पंखा फिरवून बघण्याची युक्ती सगळ्यांना ठाऊक असते, पण लोड नसताना पंखा फिरला याचा अर्थ एसएमपीएस चांगला असा होत नाही. जुन्या वायरिंगच्या वाड्यात कॅबिनेटला हात लागताच झिणझिण्या येत असतील, तर तो अर्थिंगचा दोष आहे. बोर्डावर राग काढू नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा.

इथवर सगळं ठीक निघालं, तर वायर काढून बोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढा, लाकडी टेबलावर पुठ्ठ्यावर ठेवा. फक्त प्रोसेसर, त्याचा पंखा, एक रॅम आणि एसएमपीएस जोडा; प्रोसेसरजवळचा ४ पिनांचा कनेक्टर विसरू नका. पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने क्षणभर टेकवा. बाहेर चालतो आणि आत चालत नाही, तर एखादा जादा पितळी स्टँड बोर्डाच्या खालून टेकतोय.

पंखा दोन सेकंद फिरून थांबत असेल, तर पुन्हा वायर काढा आणि बोर्डावरच्या त्याच ४ पिनांच्या सॉकेटमध्ये १२ व्होल्टची पिन आणि ग्राउंड यांच्यात मीटर बझरवर (कंटिन्युइटीवर) ठेवून लावा. क्षणभर वाजून थांबला तर चालेल, कपॅसिटर चार्ज होतोय. वाजतच राहिला तर प्रोसेसरजवळचा एखादा मॉस्फेट (सप्लाय चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) शॉर्ट आहे.

आता कपॅसिटर. साधारण १९९९ ते २००७ या काळात सदोष इलेक्ट्रोलाइटचे कपॅसिटर जगभरच्या बोर्डांत गेले. त्यानंतरच्या जी३१, जी४१ चिपसेटच्या (बोर्डावरच्या मुख्य नियंत्रक चिपच्या) बोर्डांचे कपॅसिटर वयाने सुकतात. प्रोसेसर आणि रॅमच्या आसपासची नळकांडी टॉर्च लावून बघा. वरची फुलीची खाच सपाट हवी. माथा फुगलेला, तपकिरी पापुद्रा आलेला किंवा बुडाचं रबर बाहेर येऊन तिरका झालेला असेल, तर तो गेला. बुडाशी लावलेला कंपनीचा गोंद मात्र गळती समजू नका. थंडीत आतल्या द्रावाचा अवरोध वाढतो, म्हणून सकाळी सप्लाय डगमगतो. खात्री करायची असेल तर सकाळी हेअर ड्रायरने तो भाग दोन मिनिटं कोमट करा. लगेच चालू झालं तर चोर सापडला.

नवा कपॅसिटर लो ईएसआर (आतला अवरोध कमी असलेला), १०५ अंशाचाच घ्या. मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, आणि व्यास मोजून: ८ आणि १० मिलिमीटरमध्ये गफलत झाली की तो शेजारच्याला टेकतो. काढण्याआधी फोटो काढा. कपॅसिटरवरचा पट्टा ऋण असतो, पण बोर्डावर रंगवलेली बाजू काही कंपन्यांत ऋण तर काहींत धन असते. उलटा बसला की फुटतो.

सोल्डरिंग आयर्न ६० वॅटचा हवा. बोर्ड अनेक थरांचा असल्याने ग्राउंडचा पाय उष्णता ओढून घेतो. २५ वॅटवाला नुसता चिकटून बसतो आणि ट्रॅक (बोर्डावरची तांब्याची रेघ) उचलतो. जुन्या डागावर आधी थोडं ताजं सोल्डर घाला, एक पाय तापवून कपॅसिटर किंचित कलता करा, मग दुसरा, असा आलटूनपालटून बाहेर काढा. भोक बुजलं तर तापवून टूथपिक घाला. ड्रिल अजिबात नको, भोकाच्या आतल्या तांब्याने वरखालचे थर जोडलेले असतात.

सॉकेटमधल्या पिना मोडल्या असतील किंवा चिपसेट गेला असेल, तर तिथे पैसे घालू नका. हार्डडिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडा, डेटा सहसा शाबूत असतो. सेकंडहँड बोर्ड घेताना सॉकेट आणि रॅम जुळवा: जी३१ ला डीडीआर२, एच६१ ला डीडीआर३. विंडोज मशीनसोबत आलेलं असेल तर त्याचं लायसन्स जुन्या बोर्डाला बांधलेलं असतं, हा खर्चही धरा.

कपॅसिटर बदलल्यावर लगेच चालू झालं म्हणून कॅबिनेटचे स्क्रू आवळू नका. रात्री मेन स्विच बंद करा आणि सकाळी सहाला, गारठ्यातच, पहिल्यांदा बटण दाबा. सलग तीन सकाळी पहिल्या दाबात डिस्प्ले आला की मग झाकण लावा.