म्युझिक अॅपला पैसे भरायच्या आधी आपली दहा गाणी शोधून बघा

कुठलं म्युझिक अॅप घेऊ असं विचारलं की लोक लगेच आकडा सांगतात, दहा कोटी गाणी आहेत म्हणे. असतील हो, पण त्या दहा कोटीत आपली आहेत का ते बघायला नको? त्यात गोव्यातल्या आपल्या मराठी माणसांचं ऐकणं म्हणजे सगळी सरमिसळ, सकाळी अभंग, गाडीत हिंदी, देवळाच्या उत्सवात नाटक बसवलेलं असलं तर महिनाभर नाट्यपदं, चवथीला घुमट (मातीचं चर्मवाद्य) वाजवत म्हणायची घुमट आरती, आणि कोकणी तर बारा महिने चालूच. मुंबई-पुण्याच्या माणसाने लिहिलेला रिव्ह्यू वाचून आपल्याला त्यातलं अर्धंच लागू पडतं.

तर आधी कागद घ्या आणि दहा गाणी लिहा. खरी ऐकता ती लिहा, चारचौघांत सांगायची नकोत. दोन नाट्यपदं, कोणाच्या आवाजातली हवीत त्या नावासकट, एक अभंग, एक घुमट आरती, गायिका लोर्नाचं एखादं कोकणी, तियात्रातलं (कोकणी नाटकातलं) एक कांतार म्हणजे गाणं, पोरं दिवसभर लावतात त्यातलं एक, आणि बाकी हल्ली डोक्यात जे फिरतंय ते. मग स्पॉटिफाय, जिओसावन आणि यूट्यूब म्युझिक तिन्ही फुकटात टाकून एकेक गाणं शोधायचं. अॅपल म्युझिकमध्ये जाहिरातीवर चालणारा फुकट प्रकार नाही, ट्रायल घ्यावी लागते, त्यामुळे ते शेवटी बघा आणि ट्रायल घेतलीच तर संपायच्या तारखेचा अलार्म त्याच दिवशी लावून ठेवा.

शोधताना देवनागरीत एकदा आणि इंग्रजी अक्षरांत एकदा, असं दोनदा टाइप करा, कारण जुन्या मराठी गाण्यांची स्पेलिंगं कोणी कशी टाकलीत त्याला काही धरबंद नाही, एकाच पदाची तीन स्पेलिंगं तीन अल्बमात सापडतात. आणि नाव दिसलं की लगेच खूश होऊ नका, मिनिटं बघा. जुन्या गायिका केसरबाई केरकरांचं किंवा मोगूबाई कुर्डीकरांचं ७८ आरपीएमच्या तबकडीवरचं रेकॉर्डिंग असेल तर ते साधारण तीन-साडेतीन मिनिटांचंच असणार, तबकडीच्या एका बाजूवर तेवढंच मावायचं, त्यामुळे त्या जागी सात मिनिटांचं काहीतरी दिसलं तर ते दुसरंच रेकॉर्डिंग असायची शक्यता जास्त. (केरीच्या केसरबाईंची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली, आणि इथे आपण स्पेलिंगच्या नावाने खडे फोडतोय, असो.) जुन्या नाट्यपदांचं तर आणखी वेगळं, मूळ गायकाचं नाव टायटलमध्ये असतं आणि गायलेलं असतं तिसऱ्यानेच, तेव्हा गाण्याचे क्रेडिट्स उघडून गायक कोण ते वाचा.

एवढं केलंत की चित्र आपोआप स्पष्ट होतं. एचएमव्हीचा जुना माल, जो आता सारेगामाकडे आहे, तो आणि हिंदी सिनेमाची गाणी बहुतेक सगळीकडे मिळतात, तिथे अॅपा-अॅपांत फारसा फरक नाही. फरक पडतो तो गावच्या भजनी मंडळाच्या रेकॉर्डिंगला, घुमट आरतीला, तियात्राच्या कांतारांना. यातलं बरंचसं कुठल्या कंपनीने रीतसर काढलेलंच नाही, कोणीतरी हौसेने यूट्यूबवर चढवलंय, आणि यूट्यूब म्युझिकच्या सर्चमध्ये यूट्यूबवरचे असे व्हिडिओही येतात, म्हणून तिथे सापडायचा चान्स जास्त. आवाज कधी स्वच्छ असतो तर कधी मागे कुत्रं भुंकतंय, पण आहे तरी. तुमच्या दहातली चार-पाच गाणी या जातीची असतील तर माझ्या मते फार विचार करू नका, यूट्यूब प्रीमियम घ्या, त्यात यूट्यूब म्युझिक येतंच आणि व्हिडिओच्या जाहिराती पण जातात. नाटकवाल्यांना तर आणखी एक फायदा, मूळ यूट्यूब अॅपमध्ये पद ०.७५ स्पीडवर लावता येतं, सूर न उतरता गाणं संथ होतं आणि तान कुठे वळते ते नीट कानात बसतं, तालमीच्या दिवसांत हे सोन्यासारखं आहे.

उलट तुमचं ऐकणं मुख्यतः नवीन हिंदी-इंग्रजी असेल आणि रोज नवीन काहीतरी कानावर पडावं असं वाटत असेल तर स्पॉटिफाय, सजेशनमध्ये ते मला अजूनही सगळ्यात हुशार वाटतं. फक्त पोरांच्या हातात तेच अकाउंट देऊ नका, दोन दिवस बालगीतं वाजली की पुढचे पंधरा दिवस तुम्हाला पण तीच सुचवतं. द्यायचंच झालं तर प्रायव्हेट सेशन चालू करून द्या, यूट्यूबमध्ये हिस्ट्री पॉझ करायची सोय आहे. घरात चार माणसं ऐकणारी असतील तर फॅमिली प्लॅन बघा, अॅपलच्या फॅमिली प्लॅनमध्ये सहा जण बसतात आणि प्रत्येकाची लायब्ररी वेगळी राहते, म्हणजे आईची भजनं आणि मुलाचं रॅप एकमेकांच्या वाटेला जात नाही.

आता क्वालिटी. अॅपलने २०२१ पासून लॉसलेस, म्हणजे मूळ रेकॉर्डिंगमधलं काही न गाळलेला आवाज, वेगळे पैसे न घेता दिलंय हे खरं, पण ते ब्लूटूथवरून ऐकलं तर लॉसलेस राहतच नाही, ब्लूटूथ आवाज परत दाबूनच पाठवतं. म्हणजे गाडीत आणि साध्या इअरबड्सवर ऐकणाऱ्याने नुसतं लॉसलेस बघून अॅप निवडण्यात अर्थ नाही, वायरवाले चांगले हेडफोन असतील तर वेगळी गोष्ट. ३२० केबीपीएसला (हा आकडा जितका मोठा तितका आवाज चांगला आणि डेटा जास्त) तासाला साधारण १४४ एमबी डेटा जातो, ९६ ला ४३ च्या आसपास, आणि लॉसलेस याच्या कितीतरी पट खातं. पणजी-मडगाव रोज जा-ये करणाऱ्याने हा हिशोब एकदा करून ठेवावा, पॅक दिवसाला दीड जीबीचा असेल तर लॉसलेस ऐकून संध्याकाळी रील्सला काही उरणार नाही.

डाउनलोडची सोय मात्र नक्की बघा. चोर्ला घाट, अनमोड घाट, सत्तरीतले आतले गाव, कोकण रेल्वेचे बोगदे, रेंज कुठे दगा देईल सांगता येत नाही, आणि पावसात लाइट गेली की घरचं वायफाय पण गेलं. बोटीवर जाणाऱ्यांनी तर हे आधीच वाचून घ्या: स्पॉटिफायवर डाउनलोड केलेली गाणी चालू राहायला ३० दिवसांतून एकदा तरी ऑनलाइन यावं लागतं.

फुकटात भागत असेल तर भागवा, पैसे भरलेच पाहिजेत असं काही नाही. पण यूट्यूब म्युझिक फुकटात वापरलं तर स्क्रीन बंद केली की गाणं थांबतं, आणि चवथीला आरती रंगात आलेली असताना मध्येच बनियनची जाहिरात लागली की घरातले सगळे तुमच्याकडे वळून बघतात, तेवढ्यासाठी तरी एक महिना घ्या.

एक महिना म्हणतोय, वर्षाचं नको. रेसो हे म्युझिक अॅप २०२४ च्या जानेवारीअखेर भारतात बंद झालं, एअरटेलचं विंक पण त्याच वर्षी गेलं. ही गाणी आपली नसतात, भाड्याच्या खोलीसारखं आहे, मालकाने बंद केलं की बाहेर. रिचार्जसोबत काही मिळतंय का ते पण बघा, मिळत असेल तर आधी तेच वापरून बघा. अॅप बदलायची वेळ आली तर ट्यूनमायम्युझिक किंवा साउंडीझ वापरून प्लेलिस्ट हलवता येते, फक्त हलवून झाल्यावर नाट्यपदं एकेक करून तपासा, कारण तिथे हटकून दुसऱ्याच गायकाचं चिकटतं.

किनाऱ्यावरचा शॅक, हॉटेल, दुकान असेल तर हे सबस्क्रिप्शन तिथे लावायला नाही, ते घरगुती वापरापुरतं, धंद्याच्या जागी वाजवायचं लायसन्स वेगळं काढावं लागतं.

आणि बंद करताना नुसतं अॅप डिलीट केलं म्हणून पैसे कापायचे थांबत नाहीत. आधी अकाउंटमध्ये जाऊन प्लॅन कॅन्सल करा, मग यूपीआय अॅपमध्ये ऑटोपे उघडून मॅंडेट (आपोआप पैसे कापायची दिलेली परवानगी) गेलंय का ते बघा, नसेल गेलं तर तिथूनच रद्द करा. पैसे कापायच्या निदान २४ तास आधी मेसेज येतो, तो जाहिरात समजून पुसू नका.