भावंडाला अस्थिमज्जा देणाऱ्याला आधार कसा द्यावा

घरात एक जण गंभीर आजारी असतो आणि त्याला अस्थिमज्जा, म्हणजे बोन मॅरो, देणारे भावंड धडधाकट असते. साहजिकच सगळ्यांचा जीव आजाऱ्यात अडकलेला असतो आणि दात्याची बोळवण "तुझा काय, चार दिवसांचा प्रश्न" एवढ्यावर होते. तुमचा जोडीदार, मुलगी किंवा जवळचा मित्र दाता होणार असेल, तर तेवढ्या काळापुरते तुम्ही दात्याच्या बाजूचे माणूस व्हा. आजाऱ्याभोवती बहुधा पुष्कळ जण असतात.

सुरुवात होकारापासून करावी लागते. सख्ख्या भावंडाशी एचएलए, म्हणजे शरीर आपल्या आणि परक्या पेशी ज्यांवरून ओळखते त्या खुणा, पूर्णपणे जुळण्याची शक्यता साधारण 25 टक्के असते, त्यामुळे अहवाल जुळल्याचे कळताच घरात जो आनंद होतो, त्या भरात दात्याचा होकार सर्वांनी गृहीतच धरलेला असतो. इतरांच्या अपरोक्ष, घाई न करता त्याला विचारा की त्याला हे खरोखर करायचे आहे का आणि नेमकी भीती कशाची वाटते. उत्तर ऐकून लगेच समजूत घालायला जाऊ नका. शक्य असेल तर दात्याची तपासणी आजाऱ्यावर उपचार न करणाऱ्या डॉक्टरांकडून व्हावी, असा आग्रह धरा. त्यांच्यापुढे तो मोकळेपणाने बोलू शकतो. शंका बोलून दाखवण्याची वेळ मात्र मर्यादित आहे. प्रत्यारोपणाच्या काही दिवस आधी आजाऱ्याला तीव्र केमोथेरपी आणि काही वेळा किरणोपचार देऊन त्याची स्वतःची मज्जा नष्ट केली जाते, आणि त्यानंतर दात्याने माघार घेतली तर आजाऱ्याच्या जिवावर बेतू शकते. ही गोष्ट दात्याला आधीच, स्पष्ट शब्दांत माहीत असायला हवी.

मज्जा देण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत भूल देऊन कमरेच्या मागच्या हाडातून सुईने मज्जा काढतात. यात कापाकापी आणि टाके नसतात, पण कंबर काही दिवस, क्वचित काही आठवडे दुखते आणि थकवा जाणवतो, म्हणून जड वस्तू उचलणे आणि घरी गाडी चालवत येणे ही कामे तुम्ही अंगावर घ्या. काढलेली मज्जा शरीर साधारणपणे काही आठवड्यांत भरून काढते.

दुसरी पद्धत आज अधिक वापरात आहे. तिच्यात चार-पाच दिवस रोज इंजेक्शन देऊन मज्जेतील मूळ पेशी, म्हणजे ज्यांच्यापासून रक्त तयार होते त्या स्टेम सेल, रक्तात उतरवल्या जातात. या दिवसांत हाडे ठणकतात, डोके दुखते, झोप नीट लागत नाही. दात्याला "फ्लू झाल्यासारखे" वाटते आणि सगळे आजाऱ्यात गुंतलेले असताना तो हे सांगत नाही. वेदनाशामक कोणते घ्यायचे हे डॉक्टरांनाच विचारा, कारण ॲस्पिरिनसारख्या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. डाव्या बरगडीखाली किंवा डाव्या खांद्यात दुखू लागले, तर सकाळपर्यंत थांबू नका. या इंजेक्शनांनी प्लीहा, म्हणजे डाव्या बरगडीखालचा एक अवयव, वाढते आणि अगदी क्वचित ती फुटूही शकते.

मग यंत्राने रक्तातून या पेशी वेगळ्या करून गोळा करायला काही तास लागतात आणि कधी दुसऱ्या दिवशीही बसावे लागते. बऱ्याचदा दोन्ही हातांत सुया असतात आणि निदान एक हात सरळ ठेवावा लागतो, त्यामुळे नाकाला खाज सुटली तरी दात्याला दुसऱ्याकडे पाहावे लागते. पाणी पाजायला, पांघरूण सरकवायला, फोन कानाला लावायला शेजारी बसा. ओठांभोवती किंवा बोटांत मुंग्या आल्या तर परिचारिकेला लगेच सांगा. रक्त गोठू नये म्हणून वापरलेल्या द्रव्यामुळे कॅल्शियम तात्पुरते कमी होते आणि त्यावर सहज उपाय करता येतो. दाते मात्र "एवढ्याशासाठी काय बोलावायचे" म्हणून गप्प बसतात.

माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित काळ यानंतर सुरू होतो. नव्या पेशी रुजायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात आणि रोजच्या रक्ततपासणीचे आकडे दाता स्वतःच्या परीक्षेच्या निकालासारखे पाहू लागतो. पेशी रुजल्या, पण पुढे त्यांनीच आजाऱ्याच्या त्वचेवर किंवा आतड्यावर हल्ला चढवला, किंवा मूळ आजार उलटला, तर "माझ्याच पेशी वाईट निघाल्या" ही भावना मनात घर करते. हा धोका पूर्ण जुळणाऱ्या दात्याच्या बाबतीतही असतो आणि त्यात दात्याचा दोष नसतो, हे त्याला आधीच, चांगल्या दिवशी सांगून ठेवा. "तुझ्यामुळे वाचला" असे वारंवार म्हणणाऱ्या नातेवाइकांनाही हळूच आवरा, कारण त्याची दुसरी बाजू "तुझ्यामुळे गेला" अशी असते आणि ती दात्याला ऐकू येते.

आजार परतला तर दात्याकडे पुन्हा पेशी मागितल्या जाऊ शकतात. तेव्हाही त्याला पहिल्याइतकाच निवांतपणे विचार करायला वेळ मिळेल, हे पाहा.