आपल्याला कोणती मदत हवी ते घरातल्या ज्येष्ठांना स्वतः ठरवायला साथ कशी द्यावी

“मला काही नको, माझं मी करतो.” पुण्यातल्या कितीतरी घरांत मदतीचा विषय या वाक्यावर संपतो. मग बाबा बाथरूममध्ये पडतात आणि परगावचा मुलगा फोनवरूनच, सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या ब्युरोची बाई ठरवतो. ती फार दिवस टिकत नाही, कारण ज्यांच्यासाठी ती आली त्यांना कुणी काही विचारलेलंच नसतं. इंग्लंडमध्ये २०१४च्या केअर अ‍ॅक्ट या काळजीसेवांच्या कायद्याखालच्या नियमांनुसार प्रौढ व्यक्ती आपल्या गरजांचा अंदाज स्वतः मांडू शकते आणि स्थानिक प्रशासनाने तिला त्यात साथ द्यायची असते. आपल्याकडे ही साथ बहुतेक वेळा घरच्यांनाच द्यावी लागते: त्यांच्याजवळ बसून विचारायचं आणि ते सांगतील ते कागदावर लिहून काढायचं.

बसायचं कधी, कुणी

सकाळचा चहा झाल्यावर बसा. गौरी-गणपतीला सगळं घर जमलेलं असताना हा विषय काढू नका; चार जणांसमोर कोणीही “मी ठणठणीत आहे” असंच म्हणेल. एकानेच बसावं. आई मुलापेक्षा भाचीशी मोकळी बोलत असेल तर भाचीने बसावं. टीव्ही बंद, चष्मा आणि श्रवणयंत्र लावलेलं.

कालचा दिवस विचारा

सगळं यावर अवलंबून आहे. “अंघोळ जमते ना?” याला उत्तर “हो” असंच येतं. “काल अंघोळ कशी केलीत?” असं विचारलं की कळतं: बादली अर्धीच भरली, नळाला धरून उठले, पाठ धुतली नाही. पडायची भीती अशा तपशिलात सापडते.

काही सुटू नये म्हणून अमेरिकन डॉक्टर सिडनी कॅट्झ यांची १९६३ची यादी वापरा: अंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, अंथरुणातून-खुर्चीतून उठबस, लघवी-शौचावर ताबा, स्वतःच्या हाताने जेवणं. त्यानंतर घराबाहेरच्या आणि डोक्याच्या कामांकडे या. गोळ्या कोण काढून ठेवतं? सिलिंडर कोण बदलतं? नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला बँकेत कसे गेलात? पीएमपी बसच्या पायरीवर पाय चढतो का? सदाशिव पेठेतल्या लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याला चालता येत असूनही तो घरात अडकलेला असू शकतो, म्हणून जिन्याची चौकशी वेगळी करा. रात्रीचीही करा: किती वेळा उठावं लागतं, दिवा कुठे आहे.

उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहा. “सकाळी गुडघे धरतात, दहानंतर बरं” यातून मदत कोणत्या वेळी हवी ते कळतं. “चालता येत नाही” एवढंच लिहिलंत तर तेच हरवेल. चांगला दिवस आणि वाईट दिवस वेगळे नोंदवा. तुमचं मत वेगळं असेल तर खाली स्वतःच्या नावाने लिहा. त्यांचं वाक्य खोडू नका.

काय सोडायचं नाही

हा प्रश्न घरचे विसरतात आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सारसबागेतला सकाळचा फेरा, भजनी मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघाची बैठक, देवपूजेची फुलं स्वतः आणणं. मदत या गोष्टी चालू राहण्यासाठी घ्यायची आहे, हे पटलं की “काही नको”चा सूर बऱ्याचदा बदलतो.

मदत लहानापासून सुरू करा

बाथरूममध्ये धरायला दांडा, न घसरणारी चटई, कमोड खुर्ची, रात्रीचा दिवा, एक वेळचा डबा. तेवढ्याने भागलं नाही तर सकाळी दोन तास बाई. बारा तासांची त्यानंतर. बाई ठेवायची झाल्यास तिच्याशी बोलताना आई-बाबांना समोर बसवा आणि कोणत्या कामाला हात लावायचा नाही तेही त्यांनाच सांगू द्या.

विसरभोळेपणा असला तरी विचारायचं थांबवू नका. प्रश्न छोटे ठेवा, एका वेळी एकच, वस्तू दाखवून. मात्र दोन-चार दिवसांत अचानक गोंधळ किंवा बडबड सुरू झाली तर कागद बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांकडे न्या. लघवीचा संसर्ग किंवा सोडियम कमी होणं अशी कारणं त्यामागे असू शकतात.

सांभाळणाऱ्या सुनेचं किंवा मुलीचं वेगळं पान करा. तिची झोप, नोकरी, पाठदुखी तिच्याच तोंडून यायला हवी, आणि ती बोलताना सासूबाई शेजारी नकोत.

कागद घेऊन कुठे जायचं

डॉक्टरांच्या पुढच्या भेटीला तो सोबत न्या. कुणाशी बोलायचं सुचत नसेल तर ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आहे. ६५ वर्षं पूर्ण असतील आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असेल, तर मुख्यमंत्री वयोश्री योजनेत काठी, वॉकर, श्रवणयंत्र अशा साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये मिळतात. मूळ कागद ज्यांचा आहे त्यांच्याकडेच राहू द्या, तुम्ही प्रत घ्या. ते कुठे पडले, हॉस्पिटलातून घरी आले किंवा जोडीदार गेला की पुन्हा बसून नवा लिहा.