आधी लिहा, मग सोडवा

नागपूरच्या महाल भागात आमच्या घरी संध्याकाळी नववी-दहावीची पोट्टी गणिताला बसतात. उदाहरण पुरतं वाचून व्हायच्या आत पेन आकडेमोडीला लागतो, आणि पाच मिनिटांनी आवाज येतो, "काकू, उत्तरच येऊन नाही राहिलं." मी विचारते, "क्ष म्हणजे काय?" गाडी तिथेच अडते.

शाब्दिक उदाहरणात शेवटचं वाक्य आधी वाचा. जे विचारलंय, तेच चल, म्हणजे क्ष किंवा य, माना. समजा, ५ डझन संत्री आणि ३ डझन मोसंबी मिळून ४९० रुपये झाले. ३ डझन संत्री आणि ५ डझन मोसंबी मिळून ४७०. डझनाचा भाव काढायचाय. पहिली ओळ अख्खी लिहा: "१ डझन संत्र्यांची किंमत क्ष रुपये व १ डझन मोसंब्यांची य रुपये मानू." नुसतं "क्ष = संत्री" नको. क्ष ही संख्या आहे, फळ नाही. एका मुलीने तसंच लिहिलं आणि पुढे ५क्ष + ३य = ८ मांडलं. तिने डझन मोजले, रुपये राहूनच गेले.

समीकरणं अशी:
५क्ष + ३य = ४९०
३क्ष + ५य = ४७०

लगेच गुणाकाराला धावू नका, सहगुणक, म्हणजे क्ष-य ला जोडलेले आकडे, बघा. ५ आणि ३ यांची नुसती अदलाबदल झालीय. बेरीज केली की ८क्ष + ८य = ९६०, म्हणजे क्ष + य = १२०. वजाबाकी केली की २क्ष − २य = २०, म्हणजे क्ष − य = १०. आता तोंडी येतं: क्ष = ६५, य = ५५. ताळा मात्र मूळ उदाहरणात घ्या. समीकरणच चुकीचं मांडलं असेल, तर त्यात ताळा जुळूनही उपयोग नाही.

भूमितीत पक्ष (काय दिलंय) आणि साध्य (काय सिद्ध करायचंय) लिहून झालं की कच्ची आकृती मोठी काढा. साधा त्रिकोण दिला असेल तर तो समद्विभुज दिसेल असा काढू नका; डोळा फसतो आणि न दिलेली गोष्ट आपण खरी धरून चालतो. प्रत्येक पायरीपुढे कंसात कारण हवंच.

समरूपता, म्हणजे आकार तोच पण माप लहान-मोठं, मी अंगणातल्या कडुलिंबावर शिकवते. १ मीटरची काठी उभी धरली, सावली ६० सेंमी. झाडाची सावली ४.८ मीटर. दोन्हीकडे बुंध्याशी काटकोन, आणि सूर्यकिरण समांतर म्हणून सावलीच्या टोकाशी कोन सारखेच. को-को (कोन-कोन) कसोटीने, म्हणजे दोन कोन सारखे म्हणून, त्रिकोण समरूप आणि बाजू एकाच प्रमाणात. आधी ६० सेंमीचे ०.६ मीटर करा, मग उंची ÷ ४.८ = १ ÷ ०.६, उंची ८ मीटर.

दोन्ही सावल्या लागोपाठ मोजा, नाहीतर मधल्या वेळात कोन बदलतो. आणि मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारी हा प्रयोग करू नका. नागपूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे तेव्हा सूर्य डोक्यावर येतो, काठीला सावलीच उरत नाही. सकाळी नऊला करा.