जुने स्पीकर घेताना आणि दुरुस्त करताना

जाळी काढूनच स्पीकर बघा. वूफरच्या (खर्जाच्या मोठ्या स्पीकरच्या) कडेच्या फोमचा भुगा होत असेल तर हरकत नाही, तो बदलता येतो. जळालेली व्हॉइस कॉइल (कोन हलवणारी तारेची गुंडाळी) मात्र महागात पडते. ड्रायव्हरची (पेटीतल्या प्रत्यक्ष आवाज काढणाऱ्या भागाची) एक वायर सोडवून मल्टिमीटर लावा: ८ ओहमच्या ड्रायव्हरला साधारण ५.५ ते ७ ओहम दिसायला हवेत. मग बोटं पसरून कोन (मधला शंकूसारखा पडदा) अलगद, सरळ आत दाबा. खरखर आली तर कॉइल घासते आहे, असा स्पीकर सोडून द्या.

फोम बदलताना जुना गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवून काढा. कोरडाच खरवडलात तर कागदी कोन फाटतो. नवी फोमची रिंग आधी कोनला चिकटवा, ती वाळली की फ्रेमला. फ्रेमला चिकटवताना २०-३० हर्ट्झचा सूर अगदी हळू वाजवत ठेवा आणि कोन थोडाथोडा सरकवा. खरखर पूर्ण थांबली की कोन मध्यावर आला. मग २४ तास हात लावू नका.

क्रॉसओव्हरमधले (आवाज वूफर आणि ट्वीटरमध्ये वाटणाऱ्या सर्किटमधले) इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वयाने सुकतात आणि ट्वीटर (उंच सुरांचा छोटा स्पीकर) मंद वाजू लागतो. नवे तेवढ्याच मायक्रोफॅरडचे, तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचे आणि बायपोलरच (अधिक-उणे टोक नसलेले) घ्या. दोन्ही स्पीकरमधले एकदमच बदला, नाहीतर डाव्या-उजव्याचा आवाज जुळत नाही.