जर्मनीत पहिला कर्मचारी नेमताना

जर्मनीत पहिल्यांदा माणूस कामावर घेणाऱ्या छोट्या व्यावसायिकाला सर्वांत जास्त धास्ती असते ती पगाराच्या खर्चाची. प्रत्यक्षात तो अडचणीत येतो ते कागदाचे स्वरूप आणि तारखा सांभाळल्या नाहीत म्हणून. तोंडी ठरलेली नोकरीसुद्धा तेथे वैध असते. त्यामुळे अजून सही झालेली नाही, म्हणजे आपण बांधलेले नाही, अशा समजुतीत राहू नये.

पहिले काम म्हणजे केंद्रीय रोजगार संस्थेकडून आस्थापना क्रमांक घेणे. तो विनामूल्य मिळतो आणि त्याच्याशिवाय सामाजिक विम्याची नोंदणी पुढे सरकत नाही. अपघात विम्यासाठी आपल्या व्यवसायाच्या ‘बेरुफ्सगेनोसेनशाफ्ट’कडे, म्हणजे त्या व्यवसायासाठीच्या अपघात विमा संस्थेकडे, नोंद करावी, या विम्याचा सगळा हप्ता मालकच भरतो. जाहिरात लिहिताना 2006 चा समान वागणुकीचा कायदा लक्षात ठेवावा. ‘तरुण उमेदवार हवा’ असे निरुपद्रवी वाटणारे वाक्य वयावरून भेदभाव ठरू शकते आणि नाकारलेला उमेदवार त्यावरून भरपाई मागू शकतो.

करारावर मात्र सवडीने वेळ खर्च करावा. पगार, कामाचे तास, रजा, नोटीस यांसारख्या मुख्य अटी कर्मचाऱ्याला लेखी कळवणे बंधनकारक आहे. 2025 पासून बहुतेक व्यवसायांत त्या ईमेलनेही देता येतात. बांधकाम, हॉटेल-उपाहारगृह अशा काही क्षेत्रांना ही सवलत नाही. खरा सापळा ठरावीक मुदतीच्या करारात आहे. विशिष्ट कारण न देता अशी मुदत जास्तीत जास्त 2 वर्षे ठेवता येते आणि तेवढ्या काळात ती तीनदा वाढवता येते. परंतु मुदतीच्या कलमावर दोन्ही पक्षांच्या सह्या काम सुरू होण्यापूर्वीच व्हाव्या लागतात, आणि स्कॅन केलेली सही तेथे चालत नाही. कर्मचारी सोमवारी रुजू झाला आणि कागदावर सह्या बुधवारी झाल्या, तर करार टिकतो, पण त्यातील मुदत उडते; म्हणजे एका वर्षासाठी घेतलेला माणूस कायद्याच्या दृष्टीने कायम होतो.

1 जानेवारी 2026 पासून किमान वेतन ताशी 13.90 युरो आहे आणि 2027 च्या आरंभी ते 14.60 युरो होईल. ठरलेल्या ढोबळ पगाराच्या वर सामाजिक विम्याचा मालकाचा हिस्सा साधारण एक पंचमांश धरावा. हा हप्ता महिना संपल्यावर भरायचा नसून त्याच महिन्याच्या शेवटून तिसऱ्या बँक-कामकाजाच्या दिवशी, गरज पडल्यास अंदाजित रकमेवर, कर्मचाऱ्याच्या आरोग्य विमा संस्थेकडे पोहोचावा लागतो. नवख्या मालकाची पहिल्या महिन्यात त्रेधा उडते ती येथेच. थोड्या तासांसाठी ‘मिनीजॉब’चा मार्ग आहे: 2026 मध्ये त्यातील कमाईची मर्यादा महिना 603 युरो आहे, म्हणजे किमान वेतनाने सुमारे 43 तास. मिनीजॉबवरील कर्मचाऱ्यांच्या कामाच्या तासांची नोंद सात दिवसांच्या आत करून ती दोन वर्षे जपून ठेवावी लागते.

कामाचा दिवस 8 तासांचा असतो. सहा महिन्यांची सरासरी तेवढीच राहणार असेल, तर तो 10 तासांपर्यंत ताणता येतो. दोन पाळ्यांमध्ये 11 तासांची विश्रांती आवश्यक आहे. पाच दिवसांच्या आठवड्याला वर्षाकाठी किमान 20 भरपगारी रजा मिळतात. येथे एक बारकावा आहे: रजा शिल्लक आहे आणि न घेतल्यास ती बुडेल, हे मालकाने स्पष्ट कळवले नसेल, तर ती वर्षअखेर आपोआप बुडत नाही. नोकरीला चार आठवडे झाल्यावर आजारपणात सहा आठवड्यांपर्यंत पूर्ण पगार द्यावा लागतो. सरकारी आरोग्य विम्यातील कर्मचाऱ्याचा आजारपणाचा दाखला 2023 पासून मालकाने स्वतःच विमा संस्थेकडून ऑनलाइन मागवायचा असतो.

युरोपीय संघाबाहेरील व्यक्तीला नेमताना तिच्या निवास परवान्यावर नेमके हे काम करण्याची मुभा आहे का, ते तपासून त्याची प्रत ठेवावी. नोकरी मुदतीआधी संपल्यास परदेशी नागरिक कार्यालयाला चार आठवड्यांत कळवावे.

नोकरीवरून काढणे हा सर्वांत नाजूक भाग. नोटीस कागदावर, हाताने केलेल्या सहीसह द्यावी लागते. ईमेल किंवा व्हॉट्सॲपवर दिलेली नोटीस निरर्थक ठरते. प्रोबेशन सहा महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही आणि त्या काळात नोटीस दोन आठवड्यांची असते. त्यानंतर ती चार आठवड्यांची, महिन्याच्या 15 तारखेला किंवा अखेरीला संपणारी असते, आणि नोकरी दोन वर्षांची झाल्यावर टप्प्याटप्प्याने वाढत जाते. आस्थापनेत दहापेक्षा जास्त कर्मचारी असतील, तर सहा महिन्यांनंतर काढण्यासाठी कायद्याला मान्य असे कारण लागते. ही मोजणी करताना आठवड्याला 20 तासांपर्यंत काम करणारा अर्धा धरला जातो, त्यामुळे नुसती डोकी मोजून निष्कर्ष काढू नये. गर्भवती कर्मचारी असेल, तर प्रोबेशनमध्येही शासकीय परवानगीशिवाय नोटीस देता येत नाही. कर्मचारी मंडळ असेल, तर प्रत्येक नोटिशीआधी त्याचे म्हणणे ऐकून घेणे सक्तीचे आहे.

नोटीस मिळाल्यापासून कर्मचाऱ्याला कामगार न्यायालयात जाण्यासाठी तीन आठवडे मिळतात. म्हणून ती नेमकी कधी पोहोचली याचा पुरावा हाती हवा. साक्षीदारासमक्ष हातात देणे किंवा विश्वासू माणसाकरवी टपालपेटीत टाकणे हे मार्ग मला रजिस्टर्ड पत्रापेक्षा भरवशाचे वाटतात. नोकरी संपल्यावर सामाजिक विम्यातून नाव कमी करावे आणि मागणी झाल्यास कामाचे व वर्तणुकीचे मूल्यमापन असलेले प्रशस्तिपत्र द्यावे. त्यातील मजकूर खरा असावाच, पण पुढची नोकरी मिळण्यात विनाकारण आडकाठी आणणारा नसावा, अशी तेथील न्यायालयांची भूमिका आहे.